मोरीचे पाणी आणि बारमाही परसबाग

पठारी भागातील कोणत्याही खेड्यात श्रावण-भाद्रपदात फेरी मारली, तर घराघराच्या मागे काही ना काही हिरवे दिसते. कुडावर दोडक्याचा वेल चढलेला असतो, उकिरड्याच्या कडेला लाल भोपळा पसरलेला असतो आणि भेंडीची चार झाडे विशेष निगा न राखताही शेंगा देत असतात. त्याच खेड्यात वैशाखात गेले असता परसात मोडका मांडव आणि वाळलेल्या काटक्या यांखेरीज काही उरलेले नसते. बाग कोणी उपटून टाकलेली नसते. होळीच्या सुमारास तिचे पाणी तुटते आणि ती आपोआप संपते.

परंतु भाजीची खरी नड कोणत्या महिन्यांत भासते, याचा विचार केला पाहिजे. पावसाळ्यात बांधावर तांदुळजा, घोळ, कुर्डू, टाकळा ह्या भाज्या फुकट मिळतात. हिवाळ्यात बाजारात मेथी-पालक स्वस्त असतो आणि रानात हरभऱ्याचा पाला खुडता येतो. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत मात्र रान उघडे पडते, बाजारातील जुडी लहान होते व तिचा भाव चढतो. मजुरीवर पोट असलेल्या घरात ह्या दिवसांत भाकरीबरोबर चटणी, पिठले किंवा पातळ आमटी एवढेच असते. २०१९–२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये व पाच वर्षांखालील मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळून आला. ह्याला कारणे अनेक आहेत आणि एकट्या परसबागेने तो दूर होईल असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि ज्या घरात वर्षातील चार महिने हिरवे पान ताटात येत नाही, त्या घरात औषधाच्या गोळ्यांवरच सारा भार पडतो, ही गोष्ट उघड आहे.

म्हणून प्रस्तुत लेखात पावसाळी परसबागेचा विचार ओघानेच केला आहे. मुख्य विचार आहे तो उन्हाळ्यात टिकणाऱ्या बागेचा, आणि तोही माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला यांसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांचा, जेथे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात.

पाण्याचे माप

परसबाग आखताना बहुतेक ठिकाणी प्रथम जागा मोजली जाते. मागे अर्धा गुंठा मोकळा असेल तर अर्ध्या गुंठ्याचे वाफे पाडले जातात. पावसाळ्यात ही रीत चालून जाते, कारण पाणी आकाशातून येते आणि साऱ्या जागेवर सारखे पडते. उन्हाळ्यात बागेचे पाणी घरातून येते. तेव्हा बारमाही परसबाग जागेच्या मापाने नव्हे, तर घरातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याच्या मापाने आखावयास हवी.

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होते. त्यापैकी ढोबळ मानाने दोन-तृतीयांश, म्हणजे १८० लिटरच्या आसपास पाणी न्हाणी, धुणे व भांडी यांतून मोरीवाटे बाहेर पडते. आता चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात भाजीच्या वाफ्यास दर चौरस मीटरला दिवसाकाठी सहा ते आठ लिटर पाणी लागते. ह्या हिशेबाने १८० लिटर पाण्यावर सुमारे २५ चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठा जागा उन्हाळाभर भिजू शकते. त्याहून अधिक जागा भिजविण्याचा हव्यास धरल्यास सारीच झाडे अर्धपोटी राहतात आणि एकामागून एक वाळतात. पावसाळ्यात खुशाल अर्धा गुंठा लावावा. परंतु उन्हाळ्यात जगवावयाचा पाव गुंठा कोणता, हे आषाढातच ठरवून ठेवावे व टिकाऊ झाडे तेवढ्याच जागेत लावावीत.

प्रत्येक घरी नळाला एवढे पाणी येतेच असे नाही. म्हणून कोष्टकावर विसंबून न राहता प्रत्यक्ष मोजणी करावी. मोरीच्या तोंडाशी बादली ठेवून लागोपाठ तीन दिवस ती किती वेळा भरते ते पाहावे आणि सरासरी काढावी. हे काम घरातील शाळकरी मुलगासुद्धा करू शकतो. टँकरच्या दिवसांत मोरीचे पाणी पन्नास-साठ लिटरवर येते. एवढ्या पाण्यात सात-आठ चौरस मीटर जागा भिजते. म्हणजे एक शेवगा, दोन वेल आणि माठाचा एक वाफा. पण हेही काही कमी नव्हे. टंचाईच्या गावात परसबाग होणार नाही असे म्हणून जे कार्यकर्ते ती गावे वगळतात, त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

मोरीपासून वाफ्यापर्यंत

सांडपाणी बादलीने उचलून टाकावे लागत असेल, तर बाग फार दिवस टिकत नाही. ज्या घरात बायका दोन-दोन हंडे पाणी लांबून आणतात, तेथे तेच पाणी वापरून झाल्यावर पुन्हा उचलून झाडांना घालण्याचे काम बहुधा त्यांच्याच गळ्यात पडते. सुगीच्या किंवा खुरपणीच्या दिवसांत ते होत नाही, आणि त्यांनी ते करावे असा आग्रह धरणेही योग्य नाही. पाणी आपल्या पायांनी बागेत गेले पाहिजे. न्हाणीची मोरी व भांडी घासण्याची जागा यांच्यापासून दर दहा फुटांस सुमारे दोन इंच उतार धरून पाट किंवा प्लास्टिकची नळी काढावी. परस न्हाणीपेक्षा उंचावर असेल, तर न्हाणीचा ओटा दोन विटा उंच करणे हे बागेवरील पहिले काम समजावे. घरातील पुरुषमाणसाने एका सुट्टीच्या दिवशी करावयाचे हे काम आहे.

मोरीचे पाणी थेट वाफ्यात सोडू नये. वाटेत दोन फूट लांब, दोन फूट रुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन त्यात खाली विटांचे मोठे तुकडे, त्यावर बारीक खडी व सर्वांत वर जाड वाळू भरावी. पाणी वरून आत पडावे व तळाशी बसविलेल्या नळीने बागेकडे निघावे. घरामागे पुरेसा उतार नसेल, तर ही नळी खड्ड्याच्या मध्यावर बसविली तरी चालते. खड्ड्याच्या तोंडाशी जुन्या गोणपाटाचा तुकडा अंथरला असता केस, अन्नाचे कण, तेलकट साय त्यावर अडकतात. हे गोणपाट आठवड्याने धुवावे आणि वरची वाळू दीड-दोन महिन्यांनी बदलावी. खड्ड्यावर फळी किंवा फरशी झाकून ठेवावी, म्हणजे डासांना तेथे अंडी घालावयास जागा मिळत नाही. सांडपाणी हौदात साठवून ठेवू नये. एका दिवसाहून अधिक काळ राहिलेल्या पाण्यास दुर्गंधी सुटते. ज्या त्या दिवसाचे पाणी त्याच दिवशी मातीत जिरले पाहिजे. गल्लीत तुंबणारे गटार व त्यावरील डास हा अनेक गावांतील नित्याचा उपद्रव आहे. हे पाणी परसात जिरविल्याने त्याचाही मोठा भाग आपोआप निवारला जातो.

काही पाणी मात्र बागेत मुळीच येऊ देऊ नये. शौचालयाचे पाणी, तान्ह्या मुलांची लंगोटी धुतलेले पाणी, तसेच शेतात औषध फवारून आल्यावर कपडे किंवा पंप धुतलेले पाणी ह्यांची वाट वेगळी असावी. फवारणीचे पाणी मोरीत ओतण्याची सवय अनेक घरांत आहे. जेथून घरची भाजी येते तेथेच ते विष मुरते, हे घरातील सर्वांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

साबणाचा प्रश्न

सांडपाण्यावर भाजी येते हे पूर्वीपासून ठाऊक आहे. मोरीकाठी केळ आणि अळू लावण्याची चाल जुनीच आहे. तथापि पूर्वी भांडी राखेने व कपडे थोड्या साबणाने निघत असत. आज धुण्याच्या भुकटीचा वापर पुष्कळ वाढला आहे. साबण व भुकटी ह्यांत सोडियमचा अंश असतो. हा अंश काळ्या जमिनीत साचत गेला म्हणजे मातीचे कण फुटून ती चिकट होते, वाळल्यावर दगडासारखी कडक बनते आणि तिच्यात पाणी मुरेनासे होते. शेतकरी अशा जमिनीस चोपण म्हणतात. दोन-तीन वर्षे चांगली चाललेली मोरीकाठची बाग एकाएकी बसते, त्याचे कारण बहुधा हेच असते. दोष मात्र बियाण्याला किंवा दृष्ट लागण्याला दिला जातो.

ह्यावर उपाय कठीण नाहीत. आंघोळीचे पाणी सर्वांत निर्धोक असते. ते भाजीच्या वाफ्यांकडे न्यावे. धुण्याचे पहिले फेसाळ पाणी शेवगा, कढीलिंब, कुंपणाची झाडे ह्यांकडे किंवा सरळ शोषखड्ड्यात सोडावे आणि खळबळलेले पाणी तेवढे वाफ्यांना द्यावे. पाटाला दोन फाटे काढून एक दिवसाआड आलटून-पालटून पाणी दिल्याने एकाच जागी क्षार साचत नाहीत. दरवर्षी प्रत्येक वाफ्यात चौरस मीटरला दोन ते तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घालावे. पावसाळ्यात वाफ्यांची वरची बांध फोडून ठेवावी, म्हणजे आभाळाच्या गोड्या पाण्याने साचलेले क्षार खाली धुतले जातात. जमीन चोपण होऊ लागल्याची शंका आल्यास माती तपासून घ्यावी आणि सल्ल्याप्रमाणे जिप्सम द्यावे.

येथे एका प्रचलित सल्ल्याविषयी सावध करणे जरूर आहे. परसबागेत चुलीची राख टाकावी असे सर्रास सांगितले जाते. लाल, आम्लधर्मी जमिनीत, उदाहरणार्थ कोकणात, हा सल्ला योग्य आहे. पठारावरील काळी जमीन मुळातच अल्कधर्मी असते. त्यात साबणाचे पाणी आणि वर राखेची भर पडली, तर अपाय वाढतो. सांडपाण्यावरील वाफ्यात राख घालू नये. ती बियाणे ठेवण्यासाठी राखून ठेवावी किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात थोडी थोडी मिसळावी.

कोठे काय लावावे

मोरीच्या अगदी तोंडाशी अळू लावावे. त्याला पाणी हवेच असते आणि त्याच्या दाट मुळांत गाळ अडकतो. अळूची पाने चिंच घालून चांगली शिजविल्यावरच खावयाची असल्याने सांडपाण्याचा धोका राहत नाही. केळीविषयी मात्र आमचे मत थोडे निराळे आहे. मुबलक पाण्याच्या गावी केळ अवश्य लावावी. पण टंचाईच्या गावात उन्हाळ्यात एक केळीचा खुंट जेवढे पाणी पितो, तेवढ्यात माठाचे दोन-तीन चौरस मीटर वाफे जगतात. तेथे केळीऐवजी पपईची दोन झाडे बरी. पपईच्या बुंध्याशी पाणी साचलेले खपत नाही, म्हणून ती थोड्या उंचवट्यावर लावून भोवती गोल आळे करावे.

शेवगा, कढीलिंब व एक कागदी लिंबू ही झाडे बागेच्या उत्तर बाजूस लावावीत, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. वेलांचा मांडव पश्चिमेस घालावा. उन्हाळ्यातील दुपारनंतरचे ऊन तो अडवितो आणि त्याच्या आडोशाला माठ, कोथिंबीर यांसारखी कोवळी पिके तग धरतात. मांडव सहा फूट उंच असावा. त्याखाली वाकून वावरावे लागले की फळे काढण्याचा कंटाळा येतो व ती वेलावरच जून होतात. एका घरास दुधीचे दोन वेल, दोडक्याचे तीन, कारल्याचे तीन व घोसाळ्याचा एक एवढे पुष्कळ होतात.

शेवगा हे पठारी परसबागेतील सर्वांत मोलाचे झाड होय. त्याच्या शेंगा सर्वांना ठाऊक आहेत. पाल्याची भाजी मात्र कित्येक घरांत कधीच होत नाही. लोह, चुना व जीवनसत्त्व ‘अ’ तयार करणारे द्रव्य ह्या पाल्यात भरपूर असते, आणि विशेष म्हणजे कडक उन्हाळ्यातही झाडावर हिरवी पाने असतात. पाल्यासाठी शेवगा उंच वाढू देऊ नये. बी लावलेले रोप तीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा आणि पुढेही फांद्या वरचेवर छाटून झाड हातात येईल एवढे ठेवावे. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे निवडलेली पीकेएम-१ ही जात बियांपासून येते व लवकर धरते. दापोली कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा हीही चांगली आहे. शेवगा दारी असू नये असा समज काही गावांत आहे. त्याचे लाकूड ठिसूळ असून उंच झाडावर चढलेली मुले फांदी मोडून पडतात, एवढाच त्यातील तथ्यांश दिसतो. छाटून बुटके ठेवलेल्या झाडाला ही भीती लागू पडत नाही.

मधल्या मोकळ्या जागेत पालेभाजीचे चार लहान वाफे करावेत, प्रत्येकी दोन मीटर लांब व एक मीटर रुंद. चारही एकदम पेरू नयेत. दर आठवड्यास एक याप्रमाणे पेरल्यास महिन्याने पहिला वाफा काढणीस येतो, तो रिकामा करून पुन्हा पेरावा, आणि असे चक्र चालू ठेवावे. एका वाफ्यातून साधारणपणे दीड-दोन किलो पाला मिळतो, म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा घरास पालेभाजी होते. मधल्या दिवशी शेवग्याचा पाला किंवा अळू असतेच.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात माणशी दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. पाच माणसांची ही सारी गरज पाव गुंठ्यातून भागणार नाही. म्हणून बटाटा, कांदा, कोबी ही पिके परसबागेत घेऊ नयेत. ती बाजारात मिळतात व टिकतात. ताजेपणातच ज्यांचे मोल आहे आणि ज्यांसाठी मजुराच्या घरातून पैसे सहसा बाहेर निघत नाहीत, अशा पालेभाज्यांना व वेलांना घरची जागा व घरचे पाणी द्यावे. मिरचीची दहा, टोमॅटोची दहा व वांग्याची आठ झाडे कडेने असली म्हणजे पुरे.

कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूंना सांडपाणी देऊ नये. त्यांच्यासाठी एक लहान वाफा वेगळा ठेवून पिण्याचे शिळे पाणी किंवा धान्य-डाळी धुतलेले पाणी झारीने द्यावे. इतर भाज्यांनासुद्धा सांडपाणी पानांवर उडू न देता बुंध्याशीच सोडावे.

संक्रांतीनंतरची पेरणी

उन्हाळी बाग बहुधा पौष-माघातच हातची जाते. ह्या दिवसांत मेथी, पालक, घेवडा, पावटा यांची रेलचेल असते आणि नवी पेरणी करण्याची आठवण कोणासही होत नाही. फाल्गुनात ऊन वाढताच मेथी व पालक फुलावर येतात, घेवडा वाळतो आणि परस एकदम मोकळे पडते. त्यानंतर पेरलेल्या वेलास भर उन्हाळ्यात मूळ धरावे लागते; तो पाणी पुष्कळ घेतो आणि फळ थोडे देतो.

मकरसंक्रांत ते महाशिवरात्र हा काळ उन्हाळी भाज्या पेरण्याचा समजावा. दुधी, दोडका, कारली, भेंडी, गवार, चवळी व माठ ही पिके याच वेळी लावावीत. थंडीमुळे वेलांचे बी लवकर उगवत नाही. त्यासाठी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधावे व ते पुरचुंडे चुलीच्या उबेला किंवा शेणखताच्या ढिगात दोन-तीन दिवस ठेवावे. मोड दिसू लागताच दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती व शेणखत भरून एकेक बी लावावे. पिशवीच्या बुडाला दोन भोके पाडण्यास विसरू नये. हिवाळी पीक वाफ्यात उभे असतानाच अशी रोपे तयार होतात आणि तीन-चार पाने फुटल्यावर मोकळ्या झालेल्या आळ्यात लावता येतात. ह्यायोगे एक महिना वाचतो, आणि उन्हाळ्यात एक महिन्याचे मोल फार असते.

जातींची निवड करताना कारल्याची हिरकणी, दुधीची सम्राट व दोडक्याची पुसा नसदार ह्या सुधारित जाती परसबागेस योग्य आहेत. भेंडीची परभणी क्रांती ही जात केवड्यास दाद देत नाही म्हणून प्रसिद्ध झाली. आता काही ठिकाणी तिच्यावरही रोग दिसतो, तेव्हा पिवळ्या शिरांचे झाड दिसताच उपटून पुरावे. बियाणे कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे मिळते. संकरित बियाणे एकदा पेरण्यास हरकत नाही, पण त्याच्या फळातील बी धरून पुढच्या वर्षी तसेच पीक येत नाही. परसबागेस दरवर्षी बी विकत घ्यावे लागू नये, हेच बरे.

आळ्यात व वाफ्यात उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा वाळलेला पालापाचोळा चार बोटे जाड अंथरावा. उघड्या मातीपेक्षा झाकलेल्या मातीत ओल बरीच अधिक टिकते. घरची आंघोळ-भांडी सकाळीच होतात व ते पाणी तेव्हाच वाहून जाते, त्यास इलाज नाही. पण हाताने द्यावयाचे पाणी मात्र ऊन उतरल्यावर द्यावे.

“फुले येतात, पण फळ धरत नाही”

ही तक्रार कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार येते. वेलभाज्यांत नर व मादी फुले वेगवेगळी असतात. आरंभी बहुतेक नर फुलेच येतात व ती गळतात. त्यात काळजीचे कारण नाही. मादी फुलाच्या देठाशी बारीक फळाचा आकार दिसतो, त्यावरून ते ओळखावे. कडक उष्म्यात मात्र नर फुलांचे प्रमाण वाढते आणि मधमाश्याही कमी फिरकतात. अशा वेळी हाताने परागीकरण करावे. नुकतेच उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. दुधी व दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा हे काम दिवेलागणीस करावे. कारले व लाल भोपळा यांसाठी सकाळची वेळ योग्य.

कीड व राखण

माव्यासाठी पाव लिटर पाण्यात चमचाभर हातसाबण विरघळवून पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. पाने खाणाऱ्या अळ्यांवर निंबोळी अर्क चालतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वेचून वाळविलेल्या निंबोळ्यांपैकी अर्धा किलो कुटून त्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने पिळून घ्याव्यात व दहा लिटर पाणी करून ऊन उतरल्यावर फवारावे. फळमाशी लागलेली दुधी-कारली वाकडी होतात व सडून गळतात. ती खाली पडू देऊ नयेत. गोळा करून दोन फूट खोल पुरावीत, नाहीतर आतील अळ्या मातीत शिरून पुन्हा माश्या होतात. कोवळ्या फळास वर्तमानपत्राच्या कागदाची पिशवी बांधली तरीही बचाव होतो. शेतासाठी आणलेले विषारी औषध परसबागेत कदापि वापरू नये, कारण येथील भाजी त्याच दिवशी खुडली व खाल्ली जाते.

शेळ्या व कोंबड्या ह्या परसबागेच्या दुसऱ्या शत्रू. बोराटीचे कुंपण स्वस्त व खात्रीचे. त्याच्या आतून गिरिपुष्पाच्या काड्या रोवल्यास दोन वर्षांत जिवंत कुंपण होते आणि छाटलेला पाला खतास मिळतो.

स्वयंपाकघरात

भाजी पिकली म्हणजे तिचा गुण अंगी लागलाच असे नव्हे. पालेभाजी चिरण्यापूर्वी धुवावी. चिरून धुतल्यास सत्त्व पाण्याबरोबर जाते. झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी आणि तेलाची फोडणी अवश्य द्यावी, कारण जीवनसत्त्व ‘अ’ अंगी लागण्यास स्निग्ध पदार्थ लागतो. पानांतील लोह शरीरात शोषले जाण्यास आंबट रसाची मदत होते, म्हणून जेवताना लिंबू पिळावे. परसात कागदी लिंबाचे झाड सांगितले ते ह्यासाठीच. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेण्याची सवय मात्र लोहास मारक आहे. घरातील गृहिणी शेवटी जेवते आणि तोवर भाजी संपलेली असते, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. अंगणवाडी सेविकांनी व बचत गटाच्या भगिनींनी हा विषय घरातील पुरुषांसमोर स्पष्टपणे बोलावा. केवळ वाफे वाढवून तो सुटत नाही.

हिवाळ्यात उरलेली मेथी आणि हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवावा. भर उन्हात वाळविल्याने त्याचा रंग व सत्त्व दोन्ही जातात.

मोजणी केव्हा करावी

बियाण्यांची पाकिटे जूनमध्ये वाटली जातात आणि परसबागांची संख्या ऑगस्टमध्ये लिहून घेतली जाते. ऑगस्टमध्ये कोणाचीही बाग हिरवी असते. आपल्या गावात किती परसबागा आहेत हे पाहावयाचे असेल, तर कार्यकर्त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घरोघर जावे आणि त्या दिवशी चुलीवर कोणती भाजी आहे ते विचारावे. ही संख्या लहान येईल. पण त्या मोजक्या घरांत पाणी कोणत्या वाटेने बागेत जाते, हे शेजारच्या घरांना नेऊन दाखविले, तर पुढील वर्षी पाकिटे वाटण्यापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल. पाकिटेही दोन वेळा वाटावीत. उन्हाळी वेलांचे बी संक्रांतीपूर्वी लोकांच्या हाती पडले पाहिजे.

घरचे बी

प्रत्येक वेलाचे सर्वांत चांगले, सुरुवातीच्या बहरातील एक फळ बियांसाठी राखावे व त्यास दोरा बांधून खूण करावी, म्हणजे ते कोणी चुकून तोडत नाही. दुधी वेलावरच पूर्ण वाळू द्यावा. हलविला असता आत बी खुळखुळले की काढावा. दोडका व घोसाळे यांचेही तसेच. कारले मात्र पिवळे होताच काढावे, नाहीतर ते फुटून बी सांडते. जवळपास एकाच भाजीच्या दोन जाती लावल्यास बी मिसळते, म्हणून बियांसाठी एकच जात धरावी. बी सावलीत चार-पाच दिवस वाळवून, कोरड्या राखेत मिसळून, काचेच्या बाटलीत किंवा पोकळ तुंब्यात घट्ट बूच लावून ठेवावे आणि वर भाजीचे नाव व वर्ष लिहावे. पेरणीपूर्वी आठ दिवस त्यातील दहा बिया ओल्या फडक्यात बांधून पाहाव्यात. सात किंवा अधिक उगवल्यास बी उत्तम. पाचच उगवल्यास आळ्यात दुप्पट बी टाकावे. त्याहून कमी उगवल्यास ते बी न पेरता शेजाऱ्याकडून ताजे मागून आणावे.